सिस्टरआजीचा ट्रे

आमच्या मंडळाला नाव आहे, पण ते पावतीपुस्तकापुरतं. एरवी सगळे ‘वाड्याचं मंडळ’च म्हणतात, वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली तरी. गणपती बसतो, पण गणपतीत मंडळ वर्गणीवरून भांडून दमलेलं असतं. खरी मजा वर्षातल्या दोन दिवसांची, रंगपंचमीची आणि कोजागिरीची. माझ्या आठवणीत या दोन्ही दिवशी कडेला एक स्टूल असतं आणि त्यावर मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन आजी बसलेली असते.

माझी ती आजी, आणि अख्ख्या गल्लीची सिस्टरआजी. यंदा आषाढात गेली. त्र्याण्णव वर्षांची होती.

सिन्नर तालुक्यातल्या खेड्यातून ती नर्सिंग शिकायला निघाली, तेव्हा आजोळची माणसं म्हणे दोन वर्षं बोलत नव्हती. परक्या पुरुषांना हात लावणारी पोरगी! त्यावर ती त्यांना काय म्हणाली, हे तिने कधी सांगितलं नाही. पहिल्या पगारातले दहा रुपये आजोळी मनीऑर्डर केले, एवढंच सांगायची आणि हसायची.

रंगपंचमीचं नाशिकबाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. आमच्याकडे धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते. रंग खेळायचा तो पंचमीला, आणि तोही रहाडीत. रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा दगडी हौद. वर्षभर तो लाकडं आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून रिक्षा जातात, खाली हौद आहे हे नव्या भाडेकरूला ठाऊकही नसतं. पंचमीच्या आधी तो उघडायचा, पूजा करायची, फुलं उकळून केलेला रंग सोडायचा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तिवंधा चौकातल्या रहाडीचा पिवळा. त्यात काठावरून उडी ठोकायची, तिला ‘धप्पा’ म्हणतात. धप्पा मारताना खाली कोण आहे ते बघायची पद्धत नाही. म्हणून आजी.

सकाळी दहाला ती ओट्यावर स्टूल टाकायची. पेटीत कापूस, बँडेज, चिमटा, जांभळं औषध, आणि एक स्टीलचा, राजम्याच्या दाण्यासारखा वाकडा ट्रे. दुपारपर्यंत दोन हनुवट्या आणि एखादी भुवई फुटायचीच. पोरगं पिवळंधमक, त्यात रक्त कुठलं आणि रंग कुठला कळायचं नाही. ती आधी नळाखाली धरून धुवायची आणि मग म्हणायची, ‘‘याला टाका लागेल. रडू नकोस, तुझ्या बापालाही इथेच लागला होता.’’ बाप शेजारी पिवळा होऊन उभाच असायचा.

तिच्या नोकरीतले किस्से मात्र पंचमीला निघायचे नाहीत, ते कोजागिरीला. पूर्वी वाड्याच्या चौकात आणि नंतर इमारतीच्या गच्चीवर दूध आटत ठेवलं, की पोरं तिच्याभोवती गोळा. 1969 च्या महापुराची गोष्ट दरवर्षी व्हायची. गोदाकाठचा दोन तोंडांचा दुतोंड्या मारुती बुडाला, ती ड्यूटीवरून तिसऱ्या दिवशी घरी आली, आणि पांढरी साडी गुडघ्यापर्यंत चिखलाची झालेली पाहून आजोबांनी आधी विचारलं काय, तर ‘‘छत्री कुठाय?’’ ती छत्री त्यांच्या भांडणात पुढे तीस वर्षं टिकली.

आणि देवीची लस. दोन टोकं असलेली ती सुई औषधात बुडवायची, टोकांमध्ये थेंब अडकतो, मग दंडावर भराभर पंधरा टोचे. त्या सुईला ती ‘आमचा दुतोंड्या’ म्हणायची. गल्ल्यांमधून फिरताना बाया पोरांना धान्याच्या कणगीत लपवायच्या. एकदा कणगीतून शिंक आली, आणि तिने कणगीतच हात घालून टोचलं, असं ती सांगायची. हे मला आजही पूर्ण पटत नाही. 1975 मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला, आणि त्यानंतर जन्मलेल्यांचे दंड तिला कायम कोरे वाटायचे. आम्हा नातवंडांना ती ‘कोरी पाटी’ म्हणायची, ते याच हिशेबाने.

कोजागिरीला आमच्याकडे घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात. तिसऱ्या मजल्यावरच्या जुळ्या भावांचा त्यावरून दरवर्षी तंटा, कारण ओवाळणीची नोट एकच. त्यांच्या आईलाही नक्की आठवेना. आजी म्हणाली, ‘‘बाळंतपण मी केलंय. तो कानावर तीळवाला आधी, हा सात मिनिटांनी. आणि हा पायाळू आला, तेव्हापासून उलटाच आहे.’’ निकाल लागला. दोघे आता पन्नाशीला आलेत, धाकटा अजून मान्य करत नाही.

ती ऐंशीची झाली तेव्हा मंडळाने तिचा सत्कार केला. कोजागिरीलाच. शाल, श्रीफळ, आणि मंडळाच्या अध्यक्षांचं लांबलचक भाषण. तोवर दूध लागलंच खाली. मग माईक तिच्या हातात दिला. सगळ्यांना वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. ती म्हणाली, ‘‘कापलं तर त्यावर चहापूड, चुना, हळद काही भरायचं नाही. कुत्रं चावलं तर पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्यात धुवायचं आणि त्याच दिवशी सुईला जायचं. बसते.’’ आणि बसली. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा होता.

तिला राग आलेला मी एकदाच पाहिला. कोजागिरीला ताटल्या कमी पडल्या म्हणून कुणीतरी तिच्या पेटीतला तो वाकडा ट्रे काढून त्यात चारोळ्या ओतल्या. ट्रे धुतलेला, उकळलेला, चकचकीत. तरी ती उठली, ट्रेसकट चारोळ्या उचलल्या आणि कचऱ्यात टाकल्या. ‘‘यात काय काय धरलंय मी, ते ऐकायचंय का दूध पिता पिता?’’ कुणालाच ऐकायचं नव्हतं.

ती गेल्यावर पेटी आम्ही मंडळाला दिली. कापूस-बँडेज एक फार्मसी शिकणारी मुलगी भरते. यंदाच्या कोजागिरीला पहिल्या मजल्यावरची नवी सून मदतीला आली होती. तिने पेटीशेजारचा ट्रे उचलला, पदराने पुसला आणि बदामाचे काप ओतायला घेतले. गच्चीवरून सहा-सात जण एकदम ओरडले. त्यात सगळ्यात मोठा आवाज जुळ्यांतल्या धाकट्याचा होता. ती बिचारी काप हातात घेऊन तशीच उभी राहिली.