ढाळजेतला पाहुणा

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्याचा दरवाजा ओलांडला की आधी ढाळज लागते. आल्या-गेल्यानं तिथंच टेकायचं. पाणी तिथं, चहा तिथं, सोयाबीनच्या भावावरची चर्चाही तिथंच. माजघरात कुणी यायचं ते घर ठरवतं. फोनला मात्र ढाळजच नसते. नेहमीच्या अँड्रॉइडमध्ये गूगल प्ले सर्व्हिसेस ही गूगलची पडद्यामागची सेवा थेट माजघरात बिऱ्हाड करून असते. तिला खास अधिकार असतात आणि तिला काढून टाकता येत नाही. ग्राफीनओएस या अँड्रॉइडवरच बेतलेल्या, खासगीपणा जपणाऱ्या प्रणालीनं तिला उठवून ढाळजेत आणलं. हवी असेल तर साध्या अ‍ॅपसारखी टाका, परवानग्या ती इतरांसारख्याच मागेल.

गंमत म्हणजे गूगलला लांब ठेवायला फोन गूगलचाच लागतो, पिक्सेल. नवा महाग, म्हणून पुष्कळजण जुना बघतात. तिथं पैसे मोजायच्या आधी बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारावी, डेव्हलपर ऑप्शन्स उघडावेत आणि 'ओईएम अनलॉकिंग' चालू होतंय का बघावं. नेट नसेल तर ते बटण करडं दिसू शकतं, म्हणून वाय-फाय जोडून बघावं. तरी करडंच राहिलं तर तो फोन बहुधा परदेशातल्या कुठल्या मोबाईल कंपनीच्या करारातला. त्याचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग, उघडायचा नाही. कितीही चकाचक असो, परत द्यावा.

पुढे ग्राफीनओएस फोनवर चढवायचं सगळं काम कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून, त्याच्या इन्स्टॉलरच्या पानावरून होतं. क्रोम किंवा त्याच्या जातीचा ब्राउझर लागतो, खासगी विंडो चालत नाही. कॉम्प्युटरवर ३२ जीबी जागा मोकळी हवी. आणि केबल! निम्मं रडगाणं केबलचंच असतं. स्वस्तातल्या कित्येक केबलींत नुसत्या वीज नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. फोन चार्ज होताना दिसतो, इन्स्टॉलरला मात्र तो सापडत नाही, आणि माणूस उगाच विंडोजला शिव्या घालत बसतो. आधी केबल बदलावी, मधला हब काढावा. मग विंडोजच्या ऑप्शनल अपडेटमध्ये ड्रायव्हर शोधावा.

फोन बंद करून व्हॉल्यूम कमी करायचं बटण दाबून धरत चालू केला की बूटलोडर येतो. अनलॉक, फ्लॅश (म्हणजे नवी प्रणाली फोनमध्ये लिहिणं), लॉक, असा क्रम. अनलॉक करताना फोन कोरा होतो आणि लॉक करताना पुन्हा एकदा, म्हणून मधे काही भरायच्या भानगडीत पडू नये. डेस्कटॉपवर काम चालू असताना लाईट गेली तर घाबरू नका. बूटलोडरचा पडदा येतोय तोवर फोन शाबूत आहे, फ्लॅश पहिल्यापासून करा. अर्धवट फ्लॅशवर लॉक मात्र करू नका. नंतर दर वेळी सुरू होताना पिवळी सूचना दिसेल, तो बिघाड नव्हे.

आता ढाळजेची खरी मजा. एखाद्या अ‍ॅपनं कॉन्टॅक्ट मागितले तर कॉन्टॅक्ट स्कोप्समधून त्याला चारच नावं दाखवता येतात. त्याला वाटतं सगळी वही मिळाली. कॅल्क्युलेटरचं नेट तोडलं तर ते समजतं, रेंज नाही. आपल्याकडे हे कुणालाही पटेल.

अडतं ते बँकेपाशी. काही बँकांची अ‍ॅप्स प्ले इंटेग्रिटी या गूगलच्या तपासणीमार्फत विचारतात की ही प्रणाली गूगलनं मान्य केलेली आहे का. बूटलोडर नीट लॉक असूनही उत्तर 'नाही' येतं आणि अ‍ॅप मिटतं. वर्षानुवर्षं सुरक्षेचा अपडेट न मिळालेला फोन मात्र तिथून सुटू शकतो, याला काय म्हणावं! काही अ‍ॅप्स नुसती उघडताच कोसळतात. त्यांच्या माहितीत जाऊन एक्स्प्लॉइट प्रोटेक्शनचा कम्पॅटिबिलिटी मोड लावला की त्यातली काही चालतात. फोन टेकवून पैसे देणं गूगलच्या वॉलेटमधून होत नाही. आपल्या बँकेचं आणि यूपीआयचं काम जमतंय का ते कळेपर्यंत, पंधरा दिवस तरी, जुना फोन विकू नये. यूपीआय सिमवरून एसएमएस पाठवून नंबर पडताळतं, त्यामुळं सिम इकडून तिकडे हलवायची तयारी ठेवावी.

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये आपला नंबर पूर्वीसारखाच दिसत राहतो. आणि सिम घातलं की आपण कुठल्या टॉवरच्या टप्प्यात आहोत हे मोबाईल कंपनीला कळतंच. ढाळज घराला असते, वेशीला नसते.