फोर्झा होरायझनची डिस्क आणि डिस्कवर नसलेलं बाकी सगळं

जुन्या रेसिंग गेमची डिस्क कपाटात आहे म्हणजे गेम वाचला, हा समज आधी सोडून द्या. एक्सबॉक्स ३६० या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या कन्सोलवरचा २०१२ चा 'फोर्झा होरायझन' घ्या. डिस्कवर फक्त पहिल्या दिवसाचा गेम आहे. नंतरचे टायटल अपडेट (गेमच्या दुरुस्त्या), दर महिन्याचे कार पॅक, डिसेंबर २०१२ मधलं रॅली एक्स्पान्शन, २०१३ मध्ये फुकट दिलेला '१००० क्लब' हा जादा पॅक, यातलं काहीच तिच्यावर नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये गेम आणि त्याचे सगळे पॅक विक्रीतून काढले, ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व्हर बंद झाले आणि २९ जुलै २०२४ ला ३६० चं स्टोअरच मिटलं. पूर्वी विकत घेतलेलं पुन्हा उतरवायची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे, पण ती किती वर्षं राहील यावर भिस्त ठेवू नका.

रेसिंग गेमवरच ही पाळी वारंवार येते, कारण त्यातला बराचसा माल भाड्याचा असतो. गाड्यांची नावं, लोगो, आकार, रेडिओवरची गाणी, खऱ्या ट्रॅकचे हक्क, प्रत्येकाचा करार वेगळा आणि मुदतही वेगळी. एक करार संपला की अख्खा गेम दुकानातून जातो. ईए या गेम कंपनीने मे २०२१ च्या अखेरीस 'कार्बन', 'अंडरकव्हर', 'शिफ्ट', 'शिफ्ट २' आणि 'द रन' असे पाच नीड फॉर स्पीड एकदम काढले आणि ऑगस्टअखेर त्यांचे सर्व्हरही बंद केले.

आता ३६० वरचा डीएलसी, म्हणजे नंतर उतरवलेले हे जादा पॅक, बाहेर कसा काढायचा ते. यूएसबी ड्राइव्ह कन्सोलवरच फॉरमॅट करा, मग सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या वाटेने जाऊन पॅक त्यावर कॉपी करा. ड्राइव्ह पीसीला लावल्यावर काहीच दिसणार नाही, कारण कंटेंट नावाचा फोल्डर लपवलेला असतो. तो उघडला की आत सोळा शून्यांचा फोल्डर, त्यात गेमचा आठ अक्षरी टायटल आयडी आणि त्याच्या आत सात शून्यं आणि शेवटी २ असा फोल्डर. डीएलसी इथे असतो. फाइलची नावं ४२ अक्षरांची आणि एक्स्टेंशन नसलेली. नावं बदलू नका. कोणती फाइल कोणता पॅक हे शेजारी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. सेव्ह, म्हणजे खेळातल्या प्रगतीच्या फाइली, या फोल्डरात सापडणार नाहीत, त्या प्रोफाइलच्या आयडीखाली असतात.

डिजिटल विकत घेतलेला पूर्ण गेम असेल तर एक छोटी हेडर फाइल (गेमची नुसती ओळख) दिसते आणि तिच्याच नावाच्या शेवटी 'डेटा' लागलेला एक फोल्डर. बरेच जण ती छोटी फाइल तेवढी उचलतात आणि फोल्डर राहून जातो. मग वर्षभराने उघडायला गेलं की हाती फक्त वेष्टन. टायटल अपडेटची गत याहून नाजूक आहे. कन्सोलवर 'क्लिअर सिस्टिम कॅशे' केलं की उतरवलेले अपडेट पुसले जातात, आणि काही अडलं की प्रत्येक मदतनीस आधी हाच उपाय सांगतो. म्हणून आधी कॉपी, मग साफसफाई.

प्रत्येक पॅकच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते आणि तिच्याखाली लायसन्सच्या नोंदी, म्हणजे हा पॅक कोणत्या प्रोफाइलचा आणि कोणत्या कन्सोलचा. दुसऱ्या कन्सोलवर पॅक चालेना म्हणून लोक या नोंदी बदलून 'अनलॉक' केलेली फाइल फिरवतात. असं करू नका. नोंद बदलली की सही जुळत नाही, साधा कन्सोल ती फाइल नाकारतो, आणि मूळ सही परत तयार करणं कुणाच्याही हातात नाही. झेनिया एम्युलेटरला, म्हणजे पीसीवर ३६० चे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, तर याची गरजच नाही. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये लायसन्स मास्क म्हणून एक ओळ आहे, ती मुळात ० असते. उणे १ केली की सगळी लायसन्सं चालू धरली जातात आणि फाइलला हात लागत नाही. अशा बदललेल्या नोंदींच्या फाइलींनी भरलेला संग्रह कितीही मोठा असला तरी माझ्या लेखी तो जतनात मोडत नाही.

डिस्कच्या प्रतीबद्दल दोन गोष्टी. ३६० ची डिस्क साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घातली तर 'ही डिस्क कन्सोलमध्ये घाला' सांगणारा छोटा व्हिडिओ तेवढा वाचला जातो. गेमचा भाग वाचायला क्रेऑन फर्मवेअर (ड्राइव्हच्या आत भरायचं बदललेलं सॉफ्टवेअर) चालणारा जुना सॅमसंग ड्राइव्ह लागतो, उदाहरणार्थ एसएच-डी१६३बी. दुसरं म्हणजे 'फोर्झा मोटरस्पोर्ट ४' दोन डिस्कचा आहे. दुसरीवर इन्स्टॉल करायच्या जादा गाड्या आणि ट्रॅक आहेत, आणि सेकंडहँड खोक्यात नेमकी तीच गायब असते.

पीसीच्या जुन्या सीडींची कटकट निराळी. 'नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड' (२००३) सारख्या सीडीवर सेफडिस्क हे कॉपी रोखणारं कुलूप आहे. सीडीवर मुद्दाम खराब सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे छोटे भाग, घातलेले असतात, त्यामुळे साधी आयएसओ (एकाच फाइलमधली) प्रत अडते किंवा अर्धवट होते. रीडम्पर किंवा डिस्कइमेजक्रिएटर हा डिस्कची प्रत घेणारा प्रोग्रॅम वापरा, प्रत बिन आणि क्यू या फाइलींच्या स्वरूपात घ्या आणि वाचन तासन्‌तास रखडलं तरी थांबवू नका. त्रुटी सेफडिस्कची की ओरखड्याची, हे दुसरी सीडी वाचून कळतं. दोन्हींवर एकाच जागी आली तर ती मूळचीच, तशीच जपायची. मग तुमच्या प्रतीचा हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारा पडताळणीचा आकडा, रीडम्प या डिस्कच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळाच्या यादीतल्या हॅशशी ताडून पाहा. मूळ सीडी विंडोज १० वर चालत नाही म्हणून तिला दोष देऊ नका. सेफडिस्कला लागणारा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टनेच २०१५ मध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद केला.

इथवरचं सगळं फाइलींचं काम झालं. गेमचा जीवच सर्व्हरमध्ये असेल तर फाइली असून नसल्यासारख्या. 'नीड फॉर स्पीड वर्ल्ड' हा ऑनलाइन गेम १४ जुलै २०१५ ला बंद झाला, पण त्याचं सर्व्हरशी होणारं बोलणं चाहत्यांना उलगडता आलं, कारण ते बऱ्यापैकी उघडं होतं. गॅरेज, खरेदी, बक्षिसं हे सगळं एचटीटीपीवरून (वेबपानांचीच पद्धत) एक्सएमएल या मजकुरी स्वरूपात, चॅट आणि निमंत्रणं एक्सएमपीपी या संदेशांच्या पद्धतीवर, आणि शर्यतीतल्या गाड्यांच्या जागा यूडीपी या झटपट पाठवणीच्या पद्धतीवर. त्यावरून सोपबॉक्स रेस वर्ल्ड हा चाहत्यांचा सर्व्हर उभा राहिला. मुख्य सर्व्हर जावामध्ये, चॅटसाठी ओपनफायर हा तयार सर्व्हर, शेजारी डेटाबेस आणि यूडीपीचे दोन छोटे प्रोग्रॅम, एक मोकळ्या फिरण्यासाठी आणि एक शर्यतीसाठी. आपला सर्व्हर लावताना लॉगिन होतं, दुकान उघडतं, पण शर्यतीत समोरची गाडी दिसत नाही, अशी तक्रार आली तर आधी यूडीपीचे पोर्ट बघा. राउटरवर बहुधा फक्त टीसीपी, म्हणजे लॉगिन आणि दुकान ज्या पद्धतीवर चालतं ती, उघडलेली असते.

'द क्रू' या रेसिंग गेमचं काम यापेक्षा अवघड होतं. युबिसॉफ्ट या त्याच्या कंपनीने तो डिसेंबर २०२३ मध्ये विक्रीतून काढला आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा, प्रगती तिकडेच साठवली जायची. त्यानंतर लोकांच्या खात्यातून लायसन्सही काढली गेली. 'द क्रू अनलिमिटेड' या चाहत्यांच्या प्रकल्पाने सप्टेंबर २०२५ मध्ये पीसीवरचा गेम पुन्हा चालू केला, स्वतःच्या मशीनवर ऑफलाइनसुद्धा. कंपनीच्या सर्व्हरवरची प्रगती मात्र तिकडेच राहिली. ज्यांनी रागाच्या भरात गेम अनइन्स्टॉल केला होता त्यांना आधी फाइली शोधत फिरावं लागलं.

भारतात कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एए) कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला संगणक प्रोग्रॅमची बॅकअप प्रत करू देतं. ती मुभा आपल्या प्रतीपुरती आहे, वाटपाची नाही. कुलूप तोडण्याबद्दल २०१२ मध्ये आलेलं कलम ६५ए वेगळं आहे, तेही वाचून ठेवा.

एखाद्या गेमच्या सर्व्हरबंदीची तारीख जाहीर झाली असेल तर उरलेल्या दिवसांत कामाचा क्रम असा ठेवा. शेवटच्या अपडेटसह पूर्ण फोल्डरची प्रत, मग खात्यातले सगळे पॅक. त्यानंतर वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा टिपणारा प्रोग्रॅम) चालू ठेवून लॉगिन, गॅरेज, एक खरेदी, एक एकट्याची आणि एक ऑनलाइन शर्यत, प्रत्येकाची वेगळी नोंद, स्क्रीन रेकॉर्डिंगसह, दोन्हींच्या वेळा जुळतील अशी. ही ये-जा एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, असेल तर ती उलगडणाऱ्या सेशनच्या किल्ल्या त्याच वेळी जपाव्या लागतात, नंतर त्या नोंदीचा उपयोग नाही. या नोंदीत तुमचं लॉगिन टोकनही, म्हणजे खात्यात शिरायचा परवाना, असतं, त्यामुळे कुणाला देण्यापूर्वी ते काढा. दुकानातल्या किमती आणि शर्यतींची बक्षिसं हाताने का होईना तक्त्यात उतरवा, कारण हे आकडे बऱ्याचदा गेमच्या फाइलींत नसतात आणि सर्व्हर बनवणाऱ्याला मग अंदाजाने भरावे लागतात.