आजोबांच्या रिव्हॉल्व्हरवरची अक्षरं

नागपुरात इतवारीच्या सराफ्यात आमचं खोदकामाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. हिवाळी अधिवेशन आलं की मानचिन्हं, चांदीच्या तलवारी, गदा यांच्यावर नेत्यांची नावं घालायला रांग लागते. अशाच एका डिसेंबरच्या दुपारी सत्तरीचे एक गृहस्थ आले. भंडाऱ्याकडचं मालगुजारी घराणं. पिशवीतून आधी शस्त्र परवाना काढला, मग धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर. गोळ्या नव्हत्या. तरीही चक्र उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे मी स्वतः पाहिलं आणि मगच ते गादीवर ठेवलं.

वेब्ली, बर्मिंगहॅमचं. डाव्या अंगाला देवनागरीत तीन ओळी: एका थोर राष्ट्रीय नेत्याचं नाव, ‘यांस सप्रेम भेट’ आणि ‘नागपूर काँग्रेस १९२०’. ते नाव इथे लिहीत नाही. त्या मजकुराशी ते पुन्हा जोडलं जाऊ नये असं मला वाटतं.

“आजोबांनी भेट दिलं होतं जी. त्यांनी हात लावला अन् परत केलं. अहिंसेचा ठराव होता ना! मोठे भाऊ गेले, आता माझ्याकडे आलं. अक्षरं जरा उजळून द्या अन् जुनी आहेत असं लिहून द्या.”

सोबत वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धातले सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट यांना भेट मिळालेली रेमिंग्टन रिव्हॉल्व्हरांची जोडी २०२२ साली लिलावात ५० लाख डॉलरच्या वर गेली, ती बातमी. हस्तिदंती मुठीवर ग्रँटचा चेहरा, पोलादावर वेलबुट्टी. ती वेलबुट्टी एल. डी. निम्श्के नावाच्या जर्मनीहून न्यूयॉर्कला आलेल्या कारागिराची. हा माणूस मला फार जवळचा वाटतो, कारण तो आपल्या कामाचे कागदावर ठसे घेऊन ठेवायचा. एवढ्या वर्षांनी त्याचा हात ओळखू येतो तो त्या ठशांमुळे. आमचे वडीलही काजळी भरून ठसे घ्यायचे. त्यांच्या तीन वह्या माझ्या गल्ल्याखाली आहेत.

मी दहापट भिंग लावलं.

हाताने कलम चालवलं की रेघ जिवंत असते. सुरुवातीला बारीक, वळणावर दाब वाढला की रुंद, शेवटी पुन्हा निमुळती. तळ व्ही आकाराचा आणि चकचकीत, कारण कलम धातू कापत जातं. या अक्षरांत तसं काही नव्हतं. खोली सगळीकडे सारखी, टोकं गोल, तळाशी बारीक बारीक ठिपके एकाला एक लागून. लेझर मशीनचं काम. सराफ्यात आता अशी मशीनं गल्लोगल्ली आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण १९२० साली ती नव्हती. अक्षरांचं वळणही संगणकावरचं होतं. तीन ओळींत ‘र’ चार वेळा आलेला आणि चारही तंतोतंत एक. माणसाच्या हातून असं होत नाही.

त्याहून वाईट गोष्ट बाजूलाच होती. बर्मिंगहॅमचे परीक्षणाचे शिक्के आणि बंदुकीचा क्रमांक यांच्या खाचांत शंभर वर्षांचा मळ आणि तेल बसलेलं, कडा झिजून मऊ झालेल्या. पण अक्षरांसाठी जागा सपाट करायला कुणीतरी बफ, म्हणजे घासून चकाकी आणायचं चाक, फिरवला होता आणि त्यात क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पुसट झाले होते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या आठव्या कलमानुसार बंदुकीवरचा क्रमांक घासणं, बदलणं गुन्हा आहे. म्हणजे मी तिथे कलम टेकवणंच शक्य नव्हतं.

ज्या अधिवेशनावरून आपल्या काँग्रेसनगरला नाव पडलं, ते हेच. १९२० च्या डिसेंबरात विजयराघवाचार्यांच्या अध्यक्षतेखाली इथे असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं. त्या मांडवात एखाद्या मालगुजाराने भक्तीने रिव्हॉल्व्हर पुढे केलं असेल आणि ते परत आलं असेल, हे मला अशक्य वाटत नाही. लोक आपल्याकडचं सगळ्यात मोलाचं तेच पुढे करतात. मी त्यांना तसंच सांगितलं.

“काका, गोष्ट खरी की खोटी ते लोखंड सांगत नाही. अक्षरं मात्र अलीकडची आहेत. लहानपणी होती का ती?”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग रिव्हॉल्व्हर डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताचा अंगठा अक्षरांवरून हळूहळू फिरवला.

“दसऱ्याला तेल लावून पुसायचं काम माझंच होतं. भाऊ हात लावू देत नसे, पण पुसायला मला द्यायचा. ही बाजू गुळगुळीत होती जी. अंगठा सटकायचा.”

मग म्हणाले, “भावानेच केलं असेल. आजोबांचं कोणी खरं मानत नव्हतं, त्याला फार लागायचं ते.”

अक्षरं काढून टाकता येतील का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. आणखी घासलं तर उरलेले आकडेही जातील. आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात क्रमांक पुसट झाल्याचं लेखी कळवा आणि आजोबांची गोष्ट तुम्हाला आठवते तशी, कुणाकडून ऐकली त्या नावासकट, कागदावर लिहून काढा, एवढं सांगितलं. पैसे घेतले नाहीत.

ते फडकं गुंडाळत असताना मी विचारून त्या तीन ओळींचा ठसा घेतला. वडिलांच्या तिसऱ्या वहीत शेवटची काही पानं कोरी आहेत. तिथे तो चिकटवला, तारीख घातली आणि खाली लिहिलं: आमच्या दुकानचं काम नाही. यंत्रावरचं, अलीकडचं. मालक म्हणतात, पूर्वी ही बाजू गुळगुळीत होती.