माती मोजायची की तांबं?

कुठल्याही नगरपालिकेचा अर्थसंकल्प हाती आला की माझं बोट आधी 'स्वतःचं उत्पन्न' या ओळीवर जातं. सव्वीस वर्षं लेखापरीक्षणात काढली, सवय मोडत नाही. निवृत्तीनंतर परदेशी पालिकांचे हिशेब वाचायचा नाद लागलाय. घरच्यांना त्याचं हसू येतं.

सध्या पेरू चालू आहे. तिथल्या 2001 च्या कायद्याप्रमाणे खाणकंपन्यांच्या आयकरातला निम्मा वाटा खाणीच्या प्रदेशाला परत मिळतो. त्याला म्हणतात 'कानोन'. त्यातले 10 टक्के थेट त्या तालुक्याला, ज्याच्या हद्दीत खाण आहे. बाकी प्रांतातल्या आणि विभागातल्या पालिकांना लोकसंख्या आणि गरिबी बघून, आणि उरलेला विभागीय सरकारला. कागदावर नामी व्यवस्था.

आता गंमत बघा. दक्षिणेत एकाच कंपनीच्या दोन तांब्याच्या खाणी, तोकेपाला ताक्ना विभागात आणि क्वाहोने शेजारच्या मोकेगुआत. कर कंपनीचा एकत्र, मग वाटणी कशी? तर कुठून किती माती उपसली त्यावर! तांबं किती निघालं ते नव्हे, उपसा किती झाला ते. तोकेपालात उपसा जास्त, म्हणून ताक्नाला पैसा जास्त. मोकेगुआचे लोक म्हणाले, तांबं आमचंही तेवढंच, मग आम्हाला कमी का? जून 2008 मध्ये त्यांनी पूल आणि महामार्ग अडवला, आणि चालून आलेल्या पोलिसांना त्यांच्या जनरलसकट ओलीस धरलं. एका सूत्रातल्या एका शब्दासाठी! पुढे कायदा बदलला आणि खनिजाच्या विक्रीमूल्यावर वाटणी ठरली. मी स्वतः कितीतरी शासन निर्णयांतल्या 'प्रमाणात' या शब्दावर दुपारी घालवल्या आहेत, त्यामुळे मला हे अजिबात विचित्र वाटलं नाही.

पैसा पोचल्यावरची कथा निराळी. आंतामिना ही तांबं-जस्ताची प्रचंड खाण सान मार्कोस या डोंगरी तालुक्यात आहे, आणि त्या छोट्याशा पालिकेकडे एकदम पूर आल्यासारखी रक्कम आली. पण कानोनचा पैसा मुख्यतः भांडवली कामांवरच खर्चायचा. म्हणजे इमारत बांधा, त्यात बसणाऱ्या माणसाचा पगार त्यातून द्यायचा नाही. शिवाय गेल्या वर्षीच्या नफ्यावरचा कर यंदा हाती येतो. तांब्याचा भाव पडला तरी पालिकेला तो धक्का पुढच्या वर्षी जाणवतो, तोवर तेजीतल्या निविदा निघालेल्या असतात. एरवी उलटंच: आराखडे करायला अभियंते नाहीत आणि वर्षअखेर रक्कम अखर्चित पडून. 'अखर्चित' हा शब्द मला पगारवाढीपेक्षा ओळखीचा.

ब्राझीलची पद्धत याहून वेगळी. तेल समुद्रात, मग पालिका कोणती? तर किनाऱ्यावरच्या हद्दींपासून समुद्रात रेषा ओढायच्या आणि तेलक्षेत्र ज्याच्या रेषांमध्ये येईल त्याला स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी. किनारा कसा वळलाय यावर कुणाचं नशीब फुलणार ते ठरतं. कासेल्ली आणि मायकल्स या अर्थतज्ज्ञांनी 2013 मध्ये या पालिकांचा अभ्यास मांडला. तेलवाल्या पालिकांच्या हिशेबात शिक्षण, आरोग्य, घरं यांवरचा खर्च वाढलेला दिसतो. लोकांच्या राहणीमानात मात्र त्या मानाने फारच थोडा फरक. लेखापरीक्षकाला यात आश्चर्य ते काय? खर्च व्हाउचरवर दिसतो, पाणी नळाला दिसतं, आणि दोन्ही एकाच माणसाने तपासलेलं मी क्वचितच बघितलंय. घरपट्टी भरणारा निदान भांडायला तरी येतो. तेलाच्या पैशाला असा भांडणारा नसतो.

त्यातलं काम्पोस. तेलाच्या स्वामित्वधनावर वाढलेली पालिका. 2014 नंतर भाव कोसळला, जमा आटली, आणि पालिकेने पुढच्या वर्षांचं स्वामित्वधन तारण ठेवून सरकारी बँकेकडून कर्ज उचललं. मी तिथे असते तर ती रक्कम जमेच्या बाजूला लिहू दिली नसती.