तुम्ही विचारलंत म्हणून : कृत्रिम नखं चार दिवसांत का निघतात?

"कृत्रिम नखं चार दिवसांत निघतात, चांगला ग्लू कुठला?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. ग्लूचं उत्तर देईनच, पण त्याआधी एक करा. बोट डोळ्यांसमोर आडवं धरा आणि नख बाजूने बघा. ते सरळ पुढे जातं, टोकाशी वर उचललं जातं, की खाली वाकतं? मग बोटाचं टोक स्वतःकडे वळवा आणि आडवी कमान किती आहे ते बघा.

बहुतेक टिपा (नखावर चिकटवायची प्लॅस्टिकची तयार नखं) सरळ वाढणाऱ्या, मध्यम कमानीच्या नखाच्या मापाने बनवलेल्या असतात. नख वेगळ्या वळणाचं असेल, तर टिप आणि नख यांच्यात फट राहते. नेल ग्लू म्हणजे सायनोअॅक्रिलेट. पातळ थरात तो घट्ट धरतो, पण फट बुजवायला ओतला तर उशिरा सुकतो आणि ठिसूळ होतो. मग बरणीचं झाकण उघडताना टिप हातात येते, आणि दोष ग्लूच्या माथी जातो.

सपाट नखावर कमानदार टिप दाबून बसवली की तिच्या कडा फाकतात. प्लॅस्टिक मूळ आकारात परतायला बघतं आणि तो ताण दिवसरात्र चालू राहतो. म्हणून कडा आधी सुटतात. टिप निवडताना ग्लू न लावता, न दाबता नुसती नखावर ठेवा. दोन्ही कडा आपोआप टेकल्या तर माप बरोबर. दोन मापांच्या मधलं नख असेल तर मोठी टिप घ्या आणि तिच्या बाजू घासून कमी करा. लहान टिप ताणून बसवणं हीच सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

सगळ्यात अवघड नख म्हणजे टोकाशी वर उचललेलं. घसरगुंडीचं खालचं टोक जसं वर वळतं तसं. (नखाला असा खोलगट आकार अलीकडेच आला असेल, तर टिपा राहू द्या आणि आधी डॉक्टरांना दाखवा. चमच्यासारखी नखं लोहाच्या कमतरतेतही होतात.) जन्मापासूनच असं नख असेल तर बाहेर आलेली कड शक्य तितकी आखूड कापा, कारण ती टिपेला खालून तरफेसारखी उचलते. खाच (नखाची कड जिच्यात बसते ती टिपेखालची पायरी) असलेली नेहमीची टिप इथे नको. तिची खाच नखाच्याच दिशेने वर जाते आणि बोटाला चोच फुटल्यासारखी दिसते. माझी पसंती कागदी फॉर्म (नखाच्या कडेखाली लावायचा साचा) आणि बिल्डर जेल (नेल लॅम्पच्या प्रकाशात कडक होणारं घट्ट जेल) यांना. फॉर्म कडेखाली नीट टेकेल असा कापून घ्या आणि नखाच्या रेषेत न ठेवता बोटाच्या रेषेत, म्हणजे किंचित खाली झुकता लावा. आधी जेलचा पातळ थर देऊन लॅम्पखाली पक्का करा. मग खोलगट भागात जेलचा थेंब सोडा आणि हात दहा सेकंद उलटा धरा, म्हणजे जेल मधोमध जमून उंचवटा तयार होतो. तसाच तो पक्का करा. सगळा खड्डा एकाच जाड थरात भरू नका. वरून कडक आणि आतून कच्चं राहतं, शिवाय लॅम्पखाली नख चांगलंच भाजल्यासारखं होतं. बाजूने बघितल्यावर वरची रेषा मुळापासून अलगद चढून टोकाकडे उतरायला हवी. अशा नखावर बाहेरची लांबी नखाच्या गुलाबी भागाच्या निम्म्याहून जास्त ठेवू नका.

तयार टिपा जेलने चिकटवायच्या असतील तर त्या पारदर्शकच घ्या. रंगीत, अपारदर्शक टिपेतून लॅम्पचा प्रकाश जात नाही. जेल खाली कच्चं राहतं आणि कच्च्या जेलचा त्वचेशी संबंध आला की अॅलर्जी होऊ शकते. एकदा झाली की ती सहसा जात नाही, म्हणून एवढं बजावून सांगते.

खाली वाकणाऱ्या नखाचं गणित नेमकं उलटं : कड आखूड कापा आणि फॉर्म किंचित वर उचलून लावा. पंख्यासारखं नख मुळाशी अरुंद आणि टोकाशी रुंद असतं. तिथे माप टोकाकडून घ्या आणि टिपेची मुळाकडची बाजू घासून निमुळती करा. मुळाकडून माप घेतलंत तर पुढचे दोन्ही कोपरे उघडे राहतात आणि तडा तिथूनच जातो.

कुरतडलेल्या नखापुढे मांसाची उशी येते. काही टेकवताना ती टिपेला वर ढकलते. इथे टिप नकोच. जेल किंवा अॅक्रिलिकचा (पावडर आणि द्रव मिसळून लावतात, हवेतच कडक होतं) थर देऊन एक-दोन मिलिमीटरच बाहेर काढा. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, तेव्हा दोन-तीन महिने धीर धरा.

आता तयारी, जी कुठल्याही वळणाच्या नखाला लागते. लावण्याआधी हात पाण्यात भिजवू नका. पाण्याने नख फुगतं आणि सपाट होतं, सुकताना आकसतं, आणि त्यावर चिकटवलेलं सुटतं. क्यूटिकल (नखाच्या मुळाशी असलेली कातडीची कड) मागे सारल्यावर नखाला चिकटलेली पारदर्शक मेलेली कातडी हलक्या हाताने खरवडून काढा. मुळाशी लिफ्टिंग होतं, म्हणजे लावलेला थर नखापासून सुटतो, ते बहुतेक वेळा हिच्यामुळेच. 180 ग्रिटच्या फाइलने फक्त चकाकी घालवा, पातळ नखाला 240 वापरा (आकडा जितका मोठा तितकी फाइल मऊ). खरखरीत केलं की जास्त धरतं हा गैरसमज आहे, त्याने नख झिजतं आणि झिजलेलं नख वाकतं. मग धागे न सुटणाऱ्या कापडाने आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि त्यानंतर नखाला बोट लावू नका. जेल किंवा अॅक्रिलिक त्वचेपासून जवळजवळ 1 मिलिमीटर दूर थांबवा.

टिप लावताना 45 अंशात धरा, खाच नखाच्या कडेला टेकवा आणि हळूहळू खाली आणा, म्हणजे हवा बाहेर निघते. दहा सेकंद दाबून ठेवा. आत पांढरट बुडबुडा दिसला तर ती टिप लगेच काढून नव्याने लावा.

दोन-तीन आठवड्यांनी भरणी, म्हणजे नख वाढून मुळाशी मोकळी झालेली जागा भरणं, करून घ्याच. नख वाढतं तसा उंचवटा पुढे सरकतो आणि ज्या जागी ताण येतो ती जागा पातळ पडते. मधेच एखादी कड सुटली तर वरून ग्लू सोडू नका. आत ओल कोंडते, जंतू वाढतात आणि नखावर हिरवट डाग पडतो. सुटलेला भाग घासून काढा, कोरडा करा, मग नव्याने भरा. ओढून तर कधीच काढू नका, नखाचे थर सोबत निघतात.

आता ग्लू. टिप न दाबता चपखल बसत असेल तर कुठलाही पातळ नेल ग्लू चालेल. किंचित खोलगट नखाला ब्रशने लावायचा घट्टसर ग्लू घ्या, तो बारीक फट भरतो. फट त्याहून मोठी असेल तर ग्लू ठेवून द्या आणि जेल घ्या.