मुक्काम पोस्ट तंबू

जानेवारीतली सकाळ. शिकागोत बर्फ पडतंय, खिडकीबाहेरची गाडी नुसता उंचवटा होऊन बसलीय, आणि मी लॅपटॉपसमोर स्वेटर घालून जुलै महिन्यातली जमीन मिळवायला बसलेय. ग्रँड टेटॉन नॅशनल पार्कमधल्या तंबूच्या जागांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, आमच्या घड्याळात सकाळी नऊला. जेनी लेकच्या काठी जे कॅम्पग्राउंड आहे तिथे फक्त तंबूच चालतात, आरव्हीला, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीला, मज्जाव, त्यामुळे सगळ्यांचा डोळा तिथेच. नऊ वाजून एक मिनिटानं हव्या त्या तारखांच्या सगळ्या चौकोनांचा रंग बदललेला होता. त्याच पार्कातल्या कोल्टर बेच्या कॅम्पग्राउंडला दोन रात्री मिळाल्या, त्या झडप घालून घेतल्या.

लोणंदला तेव्हा रात्रीचे साडेआठ. व्हिडिओ कॉलवर आई भाकरीचं पीठ मळता मळता माझा हा उद्योग बघत होती. मे महिन्यात ती आमच्याकडे येणार होती आणि ही सगळी आखणी तिलाही धरून चालली होती. मी तिला नकाशा दाखवला, तळं दाखवलं, मागचे डोंगर दाखवले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "संडास किती लांब आहे?"

मी हसले. मग नकाशा मोठा करून बघितला तर जागेपासून संडास चांगलाच लांब होता. जागा बदलली.

तंबू टाकून लांबच्या प्रवासाला जायचं तर लोक आधी काय बघायचं ते ठरवतात. आम्हीही तेच केलं होतं. शिकागोहून आय-नव्वद रस्ता पकडायचा, मिनेसोटा, साउथ डकोटा, वायोमिंग, आणि शेवटी यलोस्टोन आणि त्याच्या दक्षिणेचं ग्रँड टेटॉन. सुमारे चौदाशे मैल, म्हणजे साडेबावीसशे किलोमीटर, एका बाजूनं. नवऱ्यानं एक्सेलची शीट केली: तारीख, मैल, तास, पेट्रोल. आईच्या त्या प्रश्नानंतर मी एक रकाना वाढवला, 'पावलं'. कॅम्पग्राउंडच्या नकाशावर प्रत्येक जागेला नंबर असतो आणि संडासाचं छोटं चित्र असतं. अगदी शेजारची जागा घेतली तर रात्रभर दार आपटतं आणि बाहेरचा दिवा तंबूत शिरतो. फार लांबची घेतली तर रात्री तीन वाजता अडुसष्ट वर्षांचे गुडघे आणि सात वर्षांचं पोर दोन्ही घेऊन अंधारात चालायचं. बऱ्याच जागा पाहून माझं मत झालं की साठ पावलं हे बरोबर अंतर.

आईला मुक्कामाचं कळतं, कारण ती पालखीच्या वाटेवर वाढलीय. ती स्वतः वारीला कधी गेली नाही. वारी तिच्या दारात यायची. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी वाल्ह्याहून निघते, नीरेत पादुकांना स्नान होतं आणि ती लोणंदला मुक्कामाला येते. आजोबांच्या परड्यात दरवर्षी ठरलेली एक दिंडी उतरायची. दिंडीचा ट्रक सामान घेऊन दुपारीच पुढे यायचा, माणसं पायी पोचेपर्यंत राहुट्या उभ्या आणि चुलीवर आमटी. त्यामुळे तंबूत झोपणाऱ्यांना काय लागतं ते आईला यजमानाच्या बाजूनं पाठ आहे: पाणी, सरपण, उजेड आणि परसाकडची सोय. डोंगर-तळी तिच्या यादीत नव्हती. यंदा पालखी असताना आपण घरी नसणार, हे ती जाता-येता बोलून दाखवत होती.

शीटमध्ये नवऱ्यानं पहिल्या दिवशी साडेपाचशे मैल टाकले होते. आई म्हणाली, "ट्रक पुढे कोण नेणार?" मुद्दा बिनतोड होता. आमच्याकडे गाडी एकच, आणि ती चालवणाऱ्यांनीच पोचल्यावर तंबू ठोकायचा होता. तंबू उजेडात लावायचा, हे मला जुन्या अनुभवानं माहीत आहे. अंधारात टॉर्च तोंडात धरून खांबाची टोकं शोधणं हा संसाराला लागलेला सुरुंग असतो. मग मैल कमी झाले. पहिला मुक्काम मिनेसोटातल्या अल्बर्ट ली गावाजवळच्या स्टेट पार्कात, चारशे मैलांच्या आत.

तिथे पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. तंबू लागला. आमचा तंबू 'आठ माणसांचा' आहे. हा आकडा ज्यानं काढला त्यानं माणसं पिशवीतल्या केळ्यांसारखी मोजली असणार. आम्ही पाच जण आणि चार पिशव्या आत गेल्यावर तो भरला. बाहेर बघते तर आई उलथनं घेऊन तंबूभोवती चर खणतेय. आषाढातल्या पावसात राहुटीभोवती चर नसला तर अंथरुणं भिजतात, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. वीतभर चर झाला असेल, तेवढ्यात गोल्फ कार्टमधून कॅम्प होस्टची स्वारी आली. होस्ट म्हणजे उन्हाळाभर तिथेच आपल्या आरव्हीत राहून कॅम्पग्राउंडची देखरेख करणारे स्वयंसेवक. हे निवृत्त नवरा-बायको होते. बाईंनी गोड आवाजात सांगितलं की इथे जमीन खणायला मनाई आहे. हजारो लोक येतात, प्रत्येकानं चर काढला तर गवत उरणार नाही. आईनं माती परत लोटली, वर हातानं थापली आणि मला म्हणाली, "बरोबर आहे तिचं. दिंडी गेली की आम्हाला परडं पुन्हा नांगरावं लागायचं."

नंतर कळलं की लाकूडफाटाही घरून आणलेला चालत नाही. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा चकाकणारा किडा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला. सरपणातून तो एका राज्यातून दुसऱ्यात जातो आणि अ‍ॅशची झाडं मारतो. म्हणून जिथे जाळायचं तिथेच लाकूड घ्यायचं. आई होस्टबाईंकडून मोळी आणायला गेली ती पाऊण तासानं आली. दोघींमध्ये सामाईक भाषा नव्हती. तरी बाईंना गुडघेदुखी आहे आणि मुलगा लांब राहतो, एवढं आईला कळलं होतं.

पाऊस आलाच नाही. डास आले.

दुसऱ्या दिवशी मिसूरी नदी ओलांडली आणि थोड्या वेळानं घड्याळ एक तास मागे गेलं. वाटेत कुठेतरी फुकटचा तास मिळतो ही गोष्ट धाकट्याला इतकी आवडली की तो प्रत्येक पेट्रोल पंपावर "अजून एक मिळेल का" विचारत होता. तो तास आम्ही बॅडलँड्सला खर्च केला. उघडं गवताळ माळरान, मधूनच पट्ट्यापट्ट्यांचे मातीचे सुळके, झाड नावाला नाही. इथल्या सीडर पास कॅम्पग्राउंडला प्रत्येक टेबलावर छोटं छप्पर घातलंय, तेव्हाच उन्हाचा आणि वाऱ्याचा अंदाज यायला हवा होता.

तंबू लावल्यावर आईनं विचारलं, "तणावे कुठायत?" तणावे पिशवीतच होते. ते मी कधीच बांधत नाही, कारण रात्री त्यात अडखळून पडते ती मीच. शिवाय हवा कशी, पान हलत नव्हतं. हलायला पान तरी कुठे होतं म्हणा. रात्री एकच्या सुमारास वारा सुटला. तंबूची एक भिंत आत आली, माझ्या तोंडावर टेकली आणि तिथेच राहिली. थोरली उठून उभी राहून खांब धरून बसली, म्हणजे खांबाला लटकलीच. नवरा बाहेर जाऊन मेखा शोधत होता. आम्ही मुलांना घेऊन गाडीत गेलो. आई आली नाही. "मी पडून राहिले तर निदान तंबू उडून जायचा नाही," म्हणाली. सकाळी एक खांब वाकलेला होता आणि आई मधोमध, गोधडी डोक्यावरून घेऊन, शांत झोपलेली. ती तणाव्यांबद्दल एक अक्षरही बोलली नाही. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या दिवशी माउंट रशमोर वाटेवर होतं, आणि आम्ही ते सोडून पुढे गेलो. डोंगरात कोरलेली चार अध्यक्षांची डोकी परतीच्या वाटेवरही तिथेच असणार होती. डेव्हिल्स टॉवरच्या पायथ्याच्या कॅम्पग्राउंडला मात्र बुकिंग नाही, पहिला येईल त्याला जागा, म्हणून दुपारपर्यंत पोचायचं होतं. पोचलो. साठ पावलांची जागा मिळाली, बेल फूर्श नदीजवळ, कॉटनवुडच्या सावलीत. यावेळी तणावे मी स्वतः बांधले आणि त्यांना मुलांच्या रंगीत रिबिनी लावल्या.

टॉवर म्हणजे सपाटीतून एकदम वर आलेला ८६७ फुटी खांब, अंगावर उभ्या खाचा. १९०६ साली अमेरिकेचं पहिलं नॅशनल मॉन्युमेंट म्हणून तो जाहीर झाला. लकोटा आणि इतर अनेक मूळ अमेरिकी जमातींना तो त्याच्या कितीतरी आधीपासून पवित्र आहे. पायथ्याच्या झाडांना त्यांनी बांधलेल्या रंगीत कापडाच्या पुरचुंड्या दिसतात, हात लावू नका अशी पाटी असते. आईला पाटी वाचून दाखवायची गरज पडली नाही. तिनं लांबूनच हात जोडले. कायोवा लोकांची गोष्ट मी मुलांना सांगितली: सात बहिणींमागे अस्वल लागलं, त्या एका खडकावर चढल्या, खडक उंच उंच होत गेला, अस्वलाच्या नखांचे ओरखडे त्यावर राहिले आणि त्या सात जणी आकाशात गेल्या.

रात्री तीनला आईनं मला हलवलं. टॉर्च घेऊन निघालो, दोघी. परत येताना तिनं टॉर्च विझवायला लावली. टॉवर नुसता काळा दिसत होता, आणि ईशान्येला, क्षितिजापासून थोड्याच वर, ताऱ्यांचा एक पुंजका उगवून आलेला. "कृत्तिका," आई म्हणाली. "त्याच का गं त्या सात जणी?" त्याच. आम्ही थंडीत बराच वेळ उभ्या राहिलो. मग तिला पुन्हा जावंसं वाटलं आणि आम्ही परत फिरलो.

पुढे बिगहॉर्न पर्वत आडवा आला. पावडर रिव्हर पास ९,६६६ फूट. गाडीचं इंजिन धापा टाकत होतं. आईनं सांगितलं की दिवेघाट चढला की पालखी सासवडला दोन रात्री थांबते. शीटमध्ये आम्ही यलोस्टोनच्या कॅन्यन कॅम्पग्राउंडला तीन रात्री टाकल्या होत्या, त्या तिला पसंत पडल्या. रोज तंबू मोडून रोज बांधणं ही मजुरी आहे, तिसऱ्या दिवसानंतर कुणी कुणाशी नीट बोलत नाही.

यलोस्टोनला अस्वलांची धास्ती खरी आहे. फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडमध्ये तर ग्रिझली अस्वलांमुळे तंबूला परवानगीच नाही, टणक भिंतींची गाडी हवी. बाकी ठिकाणी वास येणारी प्रत्येक वस्तू गाडीत कुलपात किंवा लोखंडी पेटीत. मी आईची पिशवी उपसत होते आणि एकेक वस्तू पेटीत जात होती: टूथपेस्ट, खोबरेल तेल, विक्स, हिंगाची डबी, भाजणी, गोडा मसाला. शेवटी एक कागदाची पुडी निघाली. गेल्या वर्षीच्या पालखीतला बुक्का. आई क्षणभर थांबली. "वासाचाच आहे की तो," म्हणाली आणि कपाळाला लावून पुडी पेटीत ठेवली.

कॅन्यन सुमारे ७,९०० फुटांवर आहे. तिथे पाणी ९२ अंशांनाच उकळतं आणि तूरडाळ उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही. म्हणून कुकर आणला होता. संध्याकाळी सात वाजता, देवदारासारख्या उंच झाडांखाली, कुकरनं पहिली शिट्टी दिली. तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या तंबूतले गृहस्थ हातात अस्वलाला पळवायचा स्प्रे घेऊन आले. त्यांना वाटलं कुणीतरी मदतीसाठी शिट्टी मारतंय. कुकर बघून ते खाली बसले, झाकण, शिट्टी, रबर सगळं नीट विचारून घेतलं. मग जरा ओशाळून म्हणाले की त्यांचे बीन्स दोन दिवस शिजत नाहीयेत. दुसऱ्या दिवशी ते भिजवलेले बीन्स पातेल्यात घेऊन आले. आईनं त्यांना सहा शिट्ट्या दिल्या. आवाज रात्री दहाच्या आत संपवला.

थंडीबद्दल एवढंच: झोपायच्या पिशवीवर जो आकडा छापलेला असतो तो आरामाचा समजू नये. जुलैत, उकळत्या पाण्याच्या कारंज्यांच्या देशात, मी टोपी आणि दोन पायमोजे घालून झोपले. आईकडे गोधडी होती.

कोल्टर बेची तारीख आली तेव्हा मुलं तंबू बारा मिनिटांत लावत होती. तळं सुंदर आहे, टेटॉनचे सुळके त्यात उलटे दिसतात. तिथली पावलं बहात्तर भरली, आणि ती चूक माझ्या खात्यावर जमा आहे.

आई ऑगस्टमध्ये परत गेली. यंदाच्या आषाढात तिचा फोन आला, मागे टाळांचा आवाज. परड्यात दिंडी उतरली होती. तिनं कॅमेरा फिरवून दाखवलं: राहुट्या, पाण्याचा टँकर, आणि परसाकडच्या वाटेवर बांबूंना बांधलेले छोटे दिवे, रांगेनं. प्रत्येक राहुटीच्या तणाव्याला रंगीत चिंधी.

"म्हाताऱ्या बायका असतात गं, रात्री अडखळतात," ती म्हणाली. "त्यांची राहुटी या बाजूला घ्यायला लावली. साठ भरतात. मोजली मी."