मयतीला गाणी कशी म्हणता?

"तुम्हां ख्रिस्ती लोकांत मयतीला गाणी म्हणतात, हंबरडा कुणी फोडत नाही. तुम्हाला दुःख होत नाही का?" नगरला शेजारणी विचारतात, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

दुःख होतं. घास उतरत नाही, रात्री मध्येच जाग येते आणि मग झोप लागत नाही. बायबलमध्ये मरणाला कुणी गोड म्हटलेलं नाही. येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना त्याला सरळ 'शेवटचा शत्रू' म्हणतो. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी तर येशू स्वतः रडला. आपण याला आत्ता उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. "विश्वासात आहेस ना, मग रडतेस कशाला?" असं सांगणाऱ्यांचा मला फार राग येतो, मग ते आमच्या मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले का असेनात.

आईला पुरलं तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. पेटी खाली सोडताना दोर तिच्या कडेला करकरत होता. मी टाकलेली माती चिकट, काळी. अर्धी नखांतच राहिली. मागे मंडळीनं नारायण वामन टिळकांचं भजन धरलं. मला एक शब्द फुटेना. माझ्या शेजारी संडेस्कूलच्या आमच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी स्वतःचा नवरा त्याच आवारात पुरलेला. त्या माझ्या कानाशी, आवाज जराही न कापता, शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणत राहिल्या. त्या घटकेला माझ्यात विश्वास होता म्हणवत नाही. माझ्या वाटचा त्यांनी म्हटला. आम्ही गातो ते यासाठी. ज्याचं माणूस गेलं त्याला आशा धरवत नाही, तेव्हा ती बाकीच्यांनी धरायची असते.

ही आशा नेमकी कसली, हेही विचारता. आत्मा अमर आहे, एवढ्यावर आम्ही थांबत नाही. शरीर पुन्हा उठेल, असं आम्ही उपासनेत उभं राहून कबूल करतो. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, आणि शिष्यांसमोर त्यानं भाजलेला मासा खाल्ला, असं शुभवर्तमानात आहे. मला आई हवी आहे ती तिच्या हातांसकट, भाकरी थापून रुंद झालेल्या त्या हातांसकट, आणि मी तेवढंच मागते.

पंडिता रमाबाई मला अशा वेळी आठवतात. दुष्काळानं आईवडील नेले, पुढे भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा गेला. 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. केडगावला बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी हाती घेतलं होतं, ते त्या शेवटपर्यंत करत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या. लेकीच्या मागे उरलेल्या महिन्यांत त्या कबरेपलीकडच्या भेटीची वचनं हाताळत असतील तेव्हा त्यांचं काय होत असेल, याचा मी खूप विचार करते.

आणि ज्यांना आशा धरवतच नाही, त्यांच्यासाठी बायबलमधलं 88वं स्तोत्र आहे. ते अंधारावरच संपतं, पुढे दिलासा नाही. तरी ती प्रार्थनाच आहे, देवाच्या तोंडावर केलेली.

आमच्याकडे कुणी गेलं तर जरूर या. गाणं येत नसलं तरी चालेल. घरच्यांना रडू द्या, "सावर स्वतःला" म्हणू नका, आणि महिन्याभरानं, सगळे पांगल्यावर, पुन्हा एकदा या.